डनलॉप मॅक्सप्लाय फोर्ट: बोर्नमथची लाकडी रॅकेट मराठवाड्याच्या मुरमावर

डनलॉप मॅक्सप्लाय फोर्ट ही टेनिसची जुनी लाकडी रॅकेट घ्यावी का? घ्यावी, पण खेळायला. भिंतीवर टांगायला कुठलीही तडकलेली रॅकेट चालते, त्यापायी धडधाकट फ्रेम अडकवून ठेवू नये. दुसरी अट कोर्टाची. सिमेंटवर चढवलेल्या ॲक्रिलिकच्या कोर्टावर ही रॅकेट अर्धीच कळते. मराठवाड्यात जिथे मुरमाचं कोर्ट अजून टिकून आहे, संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरतो आणि चुन्याच्या रेघा हाताने ओढल्या जातात, तिथे ती घेऊन उतरावं.

ही रॅकेट बहुतेक वेळा विम्बल्डनच्या नावावर विकली जाते. त्यात खोटं काही नाही. रॉड लेव्हरची १९६२ आणि १९६९ ची ग्रँड स्लॅम, म्हणजे एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणं, तिच्याशी जोडलेली आहेत, आणि जॉन मॅकेन्रोने १९८१ चं विम्बल्डन हिच्यावर जिंकलं. पण हिरवळीवरचा खेळ आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतो? या रॅकेटचा स्वभाव आपल्या कोर्टावर समजून घ्यायचा असेल तर विम्बल्डन सोडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला जावं लागतं. तिथे समुद्रकाठच्या त्या गावात ब्रिटिश हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप्स भरायच्या. ही स्पर्धा आता नाही. तिचं कोर्ट मात्र आपल्या मुरमाच्या कोर्टाचं सख्खं भावंड होतं.

नावातल्या ‘हार्ड कोर्ट’ने फसू नये. आज हार्ड कोर्ट म्हटलं की सिमेंट किंवा डांबरावरचं ॲक्रिलिक डोळ्यांपुढे येतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मात्र गवताचं नसलेलं ते हार्ड. बोर्नमथच्या वेस्ट हँट्स क्लबची कोर्टं तांबड्या शेल दगडाच्या भुग्याची होती. चेंडू टप्पा पडला की थबकायचा, वर उठायचा, पायाखालचा भुगा सरकायचा. खेळाचं अधिकृत नाव तरीही लॉन टेनिसच.

स्पर्धा १९२४ मध्ये टॉर्की या दुसऱ्या समुद्रकाठच्या गावात सुरू झाली आणि १९२७ मध्ये बोर्नमथला आली. फ्रेड पेरीने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षं ती जिंकली. इंग्लंडचा टेनिसचा हंगाम उघडणारी, एप्रिलच्या थंडीत आणि पावसाच्या सरींत खेळली जाणारी ही स्पर्धा एरवी जगाच्या लक्षात राहिली असती की नाही, सांगता येत नाही. १९६८ ने तिला इतिहासात नेऊन बसवलं.

तोवर मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंच्या असायच्या. पैसे घेऊन खेळणाऱ्याला विम्बल्डनचं दार बंद. डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटनच्या लॉन टेनिस असोसिएशनने हा भेद मोडायचं ठरवलं. ३० मार्च १९६८ रोजी पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या वर्षी बारा खुल्या स्पर्धांना परवानगी दिली. त्यातली पहिली बोर्नमथची, २२ एप्रिलला सुरू झाली. पहिला गुण जॉन क्लिफ्टन या ब्रिटिश हौशी खेळाडूने घेतला. सामना मात्र व्यावसायिक ओवेन डेव्हिडसनने ६–२, ६–३, ४–६, ८–६ असा काढला.

मग मार्क कॉक्सने खळबळ उडवली. डावखुरा, हौशी, ब्रिटिश. समोर पांचो गोन्झालेस, वय ३९, व्यावसायिक टेनिसमधला एकेकाळचा अजिंक्य माणूस. पहिला सेट ०–६ गमावूनही कॉक्सने सामना ६–२, ४–६, ६–३, ६–३ असा फिरवला. खुल्या स्पर्धेत हौशी खेळाडूने व्यावसायिकाला हरवल्याची ही पहिली वेळ. त्यानंतर त्याने रॉय इमर्सनला ६–०, ६–१, ७–५ असं गारद केलं. गुणफलक नीट वाचला तर कोर्टाचा हात दिसतो. व्यावसायिकांची वेगवान सर्व्हिस आणि जाळ्याकडची धाव त्या ओल्या भुग्यावर बोथट होत होती, चेंडू परतवणाऱ्याला वेळ मिळत होता.

अंतिम सामन्यात केन रोझवॉलने लेव्हरला ३–६, ६–२, ६–०, ६–३ असं हरवलं आणि १००० पौंड नेले. महिलांमध्ये व्हर्जिनिया वेडने विनी शॉवर मात केली. वेड हौशी म्हणूनच उतरली होती, तिने ३०० पौंडांचं बक्षीस घेतलं नाही. काही आठवड्यांनी फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर पुन्हा रोझवॉलने लेव्हरलाच हरवलं. संथ कोर्टावर लाकडी रॅकेट हातात असताना जोरापेक्षा बॅकहँडचा स्लाइस (चेंडू कापल्यासारखा मारलेला फटका), टप्प्याची जागा आणि धीर जास्त कामाला येतो, हे त्या दोन निकालांइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

बोर्नमथची ही स्पर्धा १९८३ मध्ये संपली, शेवटचा विजेता स्पेनचा होसे इगेरास. १९९६ ते १९९९ तिथे पुरुष व्यावसायिकांच्या मालिकेतली (एटीपी) स्पर्धा झाली खरी, पण ती वेगळी मांडणी. १९८३ हे वर्ष लाकडाच्याही उतरणीचं आहे. त्या वर्षी यानिक नोआने फ्रेंच ओपन लाकडी रॅकेटने जिंकली आणि पुरुष एकेरीत लाकडाने मिळालेलं ते शेवटचं ग्रँड स्लॅम विजेतेपद ठरलं, तेही मातीवरच. मॅकेन्रो तोवर डनलॉपच्याच ग्रॅफाइटच्या रॅकेटकडे वळला होता.

आता रॅकेटकडे. मॅक्सप्लाय १९३१ मध्ये बाजारात आली. आधीच्या रॅकेट ॲश लाकडाची एकच पट्टी वाफेवर वाकवून करायचे, त्या पिळायच्या आणि खांद्यात मोडायच्या. मॅक्सप्लायमध्ये ॲश, बीच, हिकरी अशा लाकडांच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्याभोवती वाकवलेल्या असतात. नावातला ‘प्लाय’ तो हाच. एका थराची ओढ दुसरा थर अडवतो, म्हणून फ्रेम लवचीक राहूनही आकार धरते. तिची ताकद आणि तिचं दुखणं दोन्ही या डिंकाच्या सांध्यांत आहे. मेरठ-जालंधरच्या जुन्या लाकडी रॅकेटही याच पद्धतीच्या. त्यांतली एखादी घरात असेल तर पुढचं सगळं तिलाही लागू पडतं.

लांबी २७ इंच, म्हणजे आजच्या रॅकेटइतकीच. डोकं मात्र ६५ ते ७० चौरस इंचांचं, आज सर्रास ९८ ते १०० असतं. गटिंग (जाळीच्या ताणलेल्या तारा, म्हणजे गटी) आणि मुठीवरची चामड्याची ग्रिप धरून वजन ३८० ग्रॅमच्या आसपास भरतं, काही फ्रेम त्याहून जड निघतात. हातात घेताना ग्रिपचा इंचांतला आकडा बघा. ४ ३/८ म्हणजे घेर १११ मिलिमीटर, ४ १/२ म्हणजे ११४, ४ ५/८ म्हणजे ११७. जुन्या रॅकेट जाड मुठीच्या जास्त सापडतात. आज ४ १/४ ने खेळणाऱ्याला ४ ५/८ ची मूठ पहिल्या दहा मिनिटांतच मनगटाला जड जाते. लाकडी मूठ तासून बारीक करता येते, पण तिचे आठ पैलू बिघडले की पकड कायमची चुकते, म्हणून मापाचीच शोधावी.

विकत घेण्याआधी रॅकेट काचेच्या टेबलावर उताणी आणि मग पालथी ठेवा. डोक्याचा सगळा घेर काचेला टेकला पाहिजे. एका बाजूने कागद सरकला तर थोडा बाक आहे, नखभर फट दिसली तर फ्रेमला पीळ बसलाय. मग मुठीच्या टोकाला डोळा लावून बंदुकीच्या नळीतून बघतात तसं डोक्याकडे बघा, गळा आणि डोक्याचं टोक एका रेषेत यायला हवं. बाक असलेली फ्रेम प्रेसमध्ये, म्हणजे नटांनी आवळायच्या लाकडी चौकटीत, काही आठवडे ठेवून सुधारू शकते. पिळलेली सुधारत नाही. वाफ देऊन सरळ करायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नये. वाफेने जुना डिंक सुटतो आणि वाकडी पण शाबूत रॅकेट सरळ पण निकामी होते.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी खांद्यांची, जिथे डोकं अरुंद होत दांड्याला मिळतं तिथली. थर सुटायला सुरुवात तिथूनच होते, आणि तिथेच बाहेरून काळी पट्टी किंवा दोरा गुंडाळलेला असल्याने दिसत नाही. बोटाच्या पेराने टकटक करत खालून वर या. चिकटलेलं लाकूड टणक आणि एकसारखं वाजतं, सुटलेलं फुटक्या घागरीसारखं. दोन्ही हातांनी डोकं धरून हलकासा पीळ द्या. ‘कर्र’ आवाज आला तर रॅकेट परत ठेवा. गटीच्या छिद्रांच्या ओळी भिंगातून बघा. दोन छिद्रांना जोडणारी केसासारखी चीर म्हणजे पुढच्या गटिंगला फ्रेम उघडणार. सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागलेला आहे, अशी रॅकेट घरातल्या सागवानी कपाटाजवळसुद्धा नेऊ नये. वार्निश उडालेलं, डनलॉपची अक्षरं पुसट झालेली, चामडं सुकलेलं, या गोष्टी मात्र मोजू नका. चामडं नवं बसवता येतं. अक्षरांसाठी जास्त पैसे संग्राहकाने मोजावेत, खेळणाऱ्याने नाही.

जुनी गट लावलेली रॅकेट मिळाली तर तिच्यावर खेळायला उतरू नका. गट आधी कापून काढायची, तीही मधून. एका कडेने कापत गेलं की उरलेल्या गटीचा ताण एकाच बाजूला येतो आणि तीस वर्षं टिकलेली फ्रेम दोन मिनिटांत जाते. मधल्या उभ्या-आडव्या दोन गटी आधी, मग चारही बाजूंना आळीपाळीने बाहेर सरकत.

नव्या गटिंगचं काम मराठवाड्यात जरा जपून द्यावं लागतं. तालुक्याच्या गावी गटिंग करणारा बहुधा बॅडमिंटनचा असतो. बॅडमिंटनची गट ०.७० मिलिमीटरची आणि टेन्शन पंचवीसेक पाउंड, इकडे गट १.३० ची आणि टेन्शन जवळजवळ दुप्पट. त्याच्या क्लॅम्पमधून जाड गट निसटते, ताण पोकळ राहतो आणि आकडा फक्त मशीनवर दिसतो. म्हणून टेनिसचं मशीन असलेल्याकडेच जा, मग छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला हेलपाटा पडला तरी चालेल. मशीन फ्रेमला सहा ठिकाणी धरणारं हवं. फक्त डोक्याच्या टोकाशी आणि गळ्याशी धरणाऱ्या मशीनवर उभ्या गटी ओढताना डोकं आखूड आणि रुंद होतं, लाकडाला ते सोसत नाही. वजन लोंबकळवून ताण देणारं साधं मशीन असेल तर उत्तम, त्याचा ओढा हळू बसतो.

टेन्शन ४५ ते ५० पाउंड. जुन्या काळी ५५ आणि त्यावरही ओढत, पण तेव्हा डिंक ताजा होता. फ्रेमच्या वयाची खात्री नसेल तर ४५ वरच थांबा. डोकं लहान असल्यामुळे ४५ लाही पृष्ठभाग आजच्या रॅकेटच्या मानाने घट्ट लागतो. पॉलिएस्टरची गट अजिबात नको. ती ताठ असते, चेंडूचा धक्का न पचवता लाकडाला देते आणि छिद्रांच्या कडा करवतीसारख्या कापते. मॅक्सप्लायला प्लास्टिकचे ग्रोमेट (छिद्रांत बसवायच्या नळ्या) नसतात, गट थेट लाकडावर घासते, हे गटिंग करणाऱ्याला मुद्दाम सांगा. कडा खरखरीत झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी छिद्रातून फिरवून घ्यायची, आणि जिथे गटीने खाच पाडली आहे तिथे पातळ चामड्याचा तुकडा खाली द्यायचा. गट कोणती? मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंचं) नायलॉन, १.२५ किंवा १.३० ची. नैसर्गिक गट हातात सुरेख लागते, पण ती जनावराच्या आतड्याची असते, महाग असते आणि ओल लागली की फुगून तिचे तंतू सुटतात. ज्यांना ती नको त्यांनी मल्टिफिलामेंटमध्ये काही गमावलं असं मानू नये.

गटी साधारण १८ उभ्या आणि २० आडव्या, तरी काम सुरू करण्याआधी छिद्रं मोजून घ्यावीत. १२ मीटरचं एक पाकीट पुरून उरतं. उभ्या गटी मधून सुरू करून डावी-उजवी आळीपाळीने, एका बाजूला दोनपेक्षा जास्त पुढे न जाता. सगळ्यात मोठी चूक पुढची आहे. उभ्या झाल्या, वीज गेली, आडव्या उद्या करू. तसं केलं की रात्रभर डोकं दाबलेलं राहतं आणि सकाळी फ्रेमचा आकार गेलेला असतो. लोडशेडिंगची वेळ बघूनच काम हाती घ्या. अर्ध्यावर थांबावंच लागलं तर लावलेल्या गटी मधून कापून टाका. गट पुन्हा विकत मिळते.

मग प्रश्न हवेचा. बोर्नमथची अडचण खाऱ्या, दमट वाऱ्याची होती. मराठवाड्याची अडचण हवेच्या झोक्यांची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत. जूनच्या मध्यापासून तीच हवा ओली होते. लाकूड आधी आक्रसतं, मग फुगतं, आणि प्रत्येक थर आपापल्या परीने फुगत असल्यामुळे सांध्यावर जोर येतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत मे महिन्याच्या एका दुपारीसुद्धा रॅकेट ठेवू नका. मशीनवर न मोडणारी फ्रेम डिकीत मोडते. जुन्या माळवदाच्या घरात आतल्या खोलीचा कोनाडा ही सर्वांत चांगली जागा, जाड मातीच्या भिंतींमुळे तिथलं तापमान दिवसभर फारसं हलत नाही. माळवद नसेल तर आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून हातभर वर, वाळवीच्या वाटेपासून लांब.

आणि प्रेस. चार विंग नटांची लाकडी चौकट, रॅकेटबरोबर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही घ्या. नट समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आलटून पालटून आवळायचे, एक पूर्ण पिळून मग दुसरा असं नाही, नाहीतर प्रेसच रॅकेटला पीळ देते. हाताने आवळून जेवढं बसेल तेवढंच, पक्कड लावायची नाही. खेळून आल्यावर घाम आणि धूळ कोरड्या फडक्याने पुसून तासाभराने प्रेसमध्ये. क्रिकेटच्या बॅटला लावतात तसं जवसाचं तेल फ्रेमला चोपडू नये. वार्निशवर ते मुरत नाही, चिकट राहतं आणि मुरमाची धूळ धरून ठेवतं. वार्निश उडालेल्या उघड्या जागेवर लाखेच्या पॉलिशचा पातळ हात पुरे.

कोर्टावर पहिली गोष्ट लक्षात येते ती शांतता. चेंडू मधोमध लागला की हाताला झिणझिणी नाही, फक्त भरीव ‘थप्’. मध्यापासून दोन बोटं बाजूला लागला की तीच रॅकेट मुठीत फिरते. जोर लावून टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी) काढणाऱ्यांचे पहिल्या अर्ध्या तासातले बरेच फटके लाकडाच्या कडेवर जाणार. रॅकेटचा झोका लांब, चेंडूला सामोरा आणि जवळजवळ सपाट ठेवला की ती साथ द्यायला लागते. वजन चेंडूच्या मागे आपसूक जातं, मनगटाने झटका द्यायची गरज उरत नाही. स्लाइस तर इतका खोल आणि खाली बसतो की आजच्या ग्रॅफाइटवर तो मुद्दाम घोटावा लागेल. दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्यांची अडचण खरी आहे. चामडं एका हाताच्या मापाचं, वरचा हात उघड्या लाकडावर येतो आणि घामाने सरकतो. वर सुती फीत गुंडाळून काम भागतं, चामडं काढून लांब ग्रिप बसवण्याच्या भानगडीत पडू नये. सर्व्हिस कमी वेगाची होईल. मुरमावर त्याने फारसं बिघडत नाही.

मुरमाचा एक त्रास मात्र आहे. खडा असलेला भुगा गटीत अडकतो आणि उभ्या-आडव्याच्या गाठींवर कानसासारखा घासतो. दर सेटनंतर बोटांनी गटी सरळ करून रॅकेट झटकली की गट बरीच जास्त चालते. कोर्टाचा वरचा थर बारीक चाळणीने चाळलेला मुरूम आणि विटांचा भुगा असा असेल तर हा त्रास निम्म्यावर येतो. थेट काळ्या मातीवर मुरूम पसरलेलं कोर्ट असेल तर चेंडूच्या टप्प्याची खात्री धरू नका, खालच्या भेगा वर येतातच. खालून वर उचलायच्या फटक्यात डोक्याचं टोक जमिनीला घासतं, तिथे चार इंच कापडी टेप लावून ठेवा आणि महिन्याने बदला.

गटिंगची तारीख आणि टेन्शन दांड्यावर चामड्याच्या वरच्या कडेजवळ पेन्सिलने लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर रॅकेट प्रेसमध्येच राहू द्या. गट खूप ताणलेली नसल्यामुळे फ्रेमला त्याचा भार होत नाही. दसऱ्याच्या सुमाराला नवा मुरूम पडतो, रोलर फिरतो, कोर्टाच्या पोटात अजून ओल असते आणि हवा ना फार कोरडी ना दमट. चेंडू टप्पा घेऊन थबकतो, वर उठतो. पहिला सेट त्या आठवड्यात ठेवा.